परत येणारा कचरा आणि परत येणारी माणसे

समुद्रकिनारे स्वच्छ करणाऱ्या स्वयंसेवकांचा विषय निघाला, की आमच्यापुढे बहुधा एकच प्रश्न ठेवला जातो : आज उचललेला कचरा उद्याची भरती पुन्हा आणून टाकणार, मग हे श्रम कशासाठी? प्रश्न उपहासाने विचारला जात असला, तरी तो खोटा नाही. त्याचे उत्तर शोधण्यासाठी मुंबईच्या वर्सोवा किनाऱ्याकडे पाहावे, असे आम्हांस वाटते.

ऑक्टोबर २०१५ मध्ये अफरोज शाह या तरुण वकिलाने एका वयोवृद्ध शेजाऱ्यासह येथे कचरा वेचण्यास आरंभ केला. सुमारे अडीच किलोमीटरचा हा किनारा तेव्हा प्लास्टिकखाली दिसेनासा झाला होता. काही जागी थर कमरेपर्यंत पोहोचत असे. हळूहळू कोळीवाड्यातील माणसे, विद्यार्थी, नोकरदार, चित्रपट कलावंत असे शेकडो हात जोडले गेले. दर शनिवार-रविवारी, ओहोटीची वेळ पाहून काम चाले. हे काम वरवर वेचण्याचे नव्हे. वाळूत अर्धी गाडलेली पिशवी ओल्या वाळूने भरून दगडासारखी जड होते. ती ओढली तर फाटते, म्हणून भोवतीची वाळू उकरून काढावी लागते. जाळ्यांचे तुकडे, चिंध्या, थर्माकोल, गुटख्याच्या पुड्या हे सारे एकमेकांत गुंतलेले असते. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने शाह यांचा गौरव केला. मार्च २०१८ मध्ये याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची किमान ८० पिल्ले बाहेर पडली आणि कुत्र्यांपासून त्यांचे रक्षण करीत स्वयंसेवकांनी त्यांना पाण्यापर्यंत पोहोचविले.

तरीही कचरा येतच राहिला. मुंबईतील नद्या आणि नाले वस्त्यांमधून वाहत खाडीला मिळतात. वर्सोवा तर मालाड खाडीच्या मुखाशीच वसले आहे. खाडीतून समुद्रात गेलेले प्लास्टिक पावसाळी वारा आणि मोठी भरती पुन्हा किनाऱ्यावर लोटतात. म्हणजे किनाऱ्यावर दिसणारा कचरा बव्हंशी शहराचाच असतो, केवळ लांबच्या वाटेने आलेला.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे लिहिणे आम्हांस आवश्यक वाटते. दुसऱ्याची घाण उचलण्याच्या सक्तीची आठवण आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरांत अजून जिवंत आहे. त्यामुळे हातमोजे घालून रविवारी कचरा वेचणाऱ्यांची छायाचित्रे झळकतात आणि तोच कचरा रोज उचलणारा सफाई कामगार मात्र चौकटीबाहेर राहतो, हे आम्हांस खटकते. पण कचऱ्याला हात लावणे हे विशिष्ट कुळात जन्मलेल्यांचेच काम, ही समजूत एखादा वकील वाकून दुसऱ्याची पिशवी उचलतो तेव्हा थोडी तरी सैल होते, हेही खरे. शिवाय स्वयंसेवकांना एकट्याने काही साधता येत नाही. गोळा केलेला कचरा वेळेवर हलविला जात नाही आणि कार्यकर्त्यांना दमदाटी होते, या कारणांनी शाह यांनी नोव्हेंबर २०१७ मध्ये मोहीम थांबविल्याचे जाहीर केले होते. नंतर ती पुन्हा सुरू झाली.

वेचण्याइतकेच महत्त्व मोजण्याला आहे. १९८६ मध्ये अमेरिकेतील टेक्सासच्या किनाऱ्यावर लिंडा मॅरॅनिस आणि कॅथी ओहारा यांनी स्वच्छता योजली, तेव्हा आलेल्या सुमारे २,८०० स्वयंसेवकांना त्यांनी पिशवीबरोबर नोंदीचे कार्डही दिले. उचललेली प्रत्येक वस्तू त्यावर टिपायची होती. त्या उपक्रमातून आजचा आंतरराष्ट्रीय किनारा स्वच्छता दिवस उभा राहिला. तो दर सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी असतो. या नोंदींमध्ये सिगारेटची थोटके वर्षानुवर्षे पहिल्या क्रमांकावर होती. नुसता ढीग पाहून हे कुणाच्या ध्यानी आले नसते. कोणती वस्तू सर्वाधिक सापडते हे कळले, म्हणजे ती कोठून येते आणि कोठे अडवावी, याचा विचार सुरू होतो.

दुधाच्या पिशवीचेच पाहा. कात्रीने तोडलेला तिचा इवलासा कोपरा ना भंगारवाला घेतो, ना तो झाडूत नीट सापडतो. पावसाच्या पाण्याबरोबर थेट गटारात जातो. पिशवीला नुसती चीर दिली आणि कोपरा तिलाच लटकता ठेवला, तर तो पिशवीसह परत जाऊ शकतो. आमच्या वसतिगृहासारख्या, समुद्रापासून दूर असलेल्या स्वयंपाकघरातही हे करता येते.

केरळातील कोल्लमजवळच्या नीन्दकरा बंदरावर मच्छीमारांनी २०१७ पासून आणखी एक वाट धरली. मासळीबरोबर जाळ्यात आलेले प्लास्टिक पूर्वी पुन्हा पाण्यात फेकले जाई. आता ते पिशवीत भरून बंदरावर आणले जाते. तेथे स्त्रियांचा गट ते धुऊन निवडतो, यंत्रात त्याचे तुकडे होतात आणि ते डांबरात मिसळून रस्त्यासाठी वापरले जातात. वर्सोव्याच्या कार्यकर्त्यांनीही पुढे मोर्चा मिठी नदीकडे वळविला. किनाऱ्यावर वाट पाहत बसण्यापेक्षा कचऱ्याला नदीतच गाठावे, असा त्यांचा हिशेब आहे.