पेन ड्राईव्ह शून्य बाईट दाखवतोय? आधी गिऱ्हाईकाला एक प्रश्न विचारा

हेमलकसा-भामरागडकडे ऑनलाईन सेवा केंद्र टाकायचं म्हणताय, तर बंद पडलेले पेन ड्राईव्ह टेबलावर येणारच. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की रस्ता बंद. नवा आणायला आलापल्लीला कोण जाणार?

पेन ड्राईव्हमध्ये डेटा साठवणारी मेमरी चिप असते आणि तिचा कारभार बघणारा कंट्रोलर. कंट्रोलरचा प्रोग्राम म्हणजे फर्मवेअर. कॉपी चालू असताना लाईट गेली किंवा ड्राईव्ह उपटला, की तो बिघडू शकतो. मग कॉम्प्युटर ड्राईव्ह ओळखतो, पण साईज शून्य दाखवतो. साधं फॉरमॅट इथे चालत नाही.

चिपजीनियस या सॉफ्टवेअरने कंट्रोलरचं मॉडेल बघायचं (फायसन, सिलिकॉन मोशन, अल्कोर वगैरे) आणि त्याच मॉडेलचं एमपी टूल चालवायचं. ही टूल्स बहुतेक अनोळखी साईटवरून येतात, व्हायरसची भीती असते. हिशेबाच्या कॉम्प्युटरवर चुकूनही टाकू नका, जुना वेगळा ठेवा.

पण थांबा! एमपी टूल चालवलं की आतला डेटा गेलाच समजा. म्हणून आधी विचारा, "दादा, ड्राईव्ह पाहिजे की आतलं?" लग्नाचे फोटो किंवा दाखल्यांचे स्कॅन असतील आणि दुसरी कॉपी नसेल, तर हात लावू नका, नागपूरसारख्या शहरातला डेटा रिकव्हरीवाला गाठायला सांगा. खर्च जास्त येतो, हेही सांगा. फक्त ड्राईव्ह पाहिजे असेल तर पावतीवर 'डेटा जाईल' लिहून सही घ्या.

दुरुस्तीनंतर ड्राईव्ह पूर्ण भरून तपासा. खराब ब्लॉक वगळल्यामुळे ३२ जीबीचा थोडा कमी भरू शकतो. देताना तेवढंच सांगून द्या.