झाडाखालचे पांघरूण

वसंत म्हणजे नवी पालवी, असे आपण म्हणतो. परंतु तिच्याआधी पानगळ होते, आणि त्या गळलेल्या पानांचे आपण काय करतो? बहुधा झाडून ढीग करतो व काडी लावतो. २०१६ सालच्या घनकचरा नियमांनी रस्त्यावर कचरा जाळण्यास मनाई केली, तरी हा धूर पुरता थांबलेला नाही. ज्या महिन्यांत जमिनीला सावलीची सर्वांत अधिक गरज, नेमके त्याच महिन्यांत आपण तिचे पांघरूण जाळतो.

उघड्या मातीचे काय होते ते पाहू. ऊन व वारा वरची ओल उडवून नेतात. मग वातीतून तेल चढावे तशी खालची ओल मातीच्या बारीक पोकळ्यांतून वर चढते आणि तीही उडून जाते. कोळपणीने वरचा थर भुसभुशीत होऊन ही वाट तुटते. म्हणूनच जिराईत शेतकरी एका कोळपणीला अर्ध्या पाण्याचे मोल देतो. पालापाचोळ्याचे आच्छादन याहून अधिक करते. त्याने माती तापत नाही, वळवाच्या माऱ्याने तिची खपली धरत नाही, उजेडावाचून तण खुरटते, आणि गांडुळे त्या गारव्यात वर येऊन काम करतात. उसाचे पाचट न जाळता सरीत ठेवणारा शेतकरी हेच साधतो.

कृती सोपी आहे. आधी आळ्यात भरपूर पाणी द्यावे, मग वाळल्या पानांचा दोन-तीन इंच थर पसरावा. कुंडीत एक इंच पुरे. खोडाभोवती चार बोटे जागा मोकळी ठेवावी, नाहीतर साल कुजते. पाने मातीत मिसळू नयेत. कारण ती कुजविणारे जंतू मातीतील नत्र घेतात व काही काळ झाड उपाशी राहते. रोगट पाने व बी धरलेले तण वगळावे. वाळवी दिसल्यास थर बाजूला सारावा, आणि पावसाळ्यात तो पातळ करावा.

खरी अडचण कृतीची नाही, सवयीची आहे. पाचोळा दिसला की आपल्याला अस्वच्छता वाटते. अंगण जरूर झाडावे. पण तो केर आळ्यात टाकावा, आणि आळे मात्र झाडू नये. उन्हाळ्यात नळाचे पाणी जपून वापरावे लागणाऱ्या शहरात एवढा विवेक झाडांनाही तारील आणि शेजाऱ्यांच्या छातीलाही.