वाटीभर उसळीचा आधार

माझ्या भाचीचं डोहाळजेवण आणि तिचा साखरेचा रिपोर्ट एकाच आठवड्यात आले. गर्भारपणातल्या मधुमेहाची महत्त्वाची तपासणी २४ ते २८ आठवड्यांत होते, म्हणजे सातव्या महिन्यात. ओटी भरून डोहाळे पुरवायचा महिनाही आपल्याकडे बहुतेक घरांत तोच. वाट्यांखाली पेढा नि बर्फी झाकून ठेवायची वेळ आणि साखर मोजायची वेळ अशी एकत्र येते.

भाचीच्या हातात दवाखान्यातून एक कागद आला होता. भात, बटाटा, साबुदाणा, आंबा, केळं, साखर, सगळ्यांवर काट. खायचं काय, याची ओळ एकच : 'हलका आहार घ्यावा'. चौथ्या रात्री दोन वाजता तिचा फोन आला. "मावशी, पोटात नुसता खड्डा पडलाय गं. काय खाऊ?"

गेली वीसेक वर्षं मी कडधान्यांच्या नादात आहे. गावोगावच्या आठवडी बाजारांतून पिशव्या भरून आणते, भिजवते, मोड आणते, शिजवते. तरी या नादाचा खरा उपयोग मला त्या रात्री कळला. तिला मी मूठभर फुटाणे सालांसकट खायला आणि वर कपभर बिनसाखरेचं दूध प्यायला सांगितलं. सकाळी उठल्या उठल्या मटकी भिजत घातली.

या आजाराचं कारण थोडक्यात सांगते. वारेतून स्रवणारी संप्रेरकं आईच्या इन्सुलिनचा जोर कमी करतात. तो भरून काढण्याइतकं इन्सुलिन स्वादुपिंडाला पुरवता आलं नाही, की साखर चढते. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून २ तासांनी साखर मोजतात. १४० किंवा त्याहून जास्त भरली तर निदान होतं. ही सोपी पद्धत आपल्या देशात रुजवण्यात चेन्नईच्या डॉ. व्ही. शेषय्या यांचा मोठा वाटा आहे. त्यांचा जन्मदिवस, १० मार्च, या आजाराच्या जागृतीसाठी पाळला जातो. उपाशीपोटी ९५च्या आत आणि जेवणानंतर २ तासांनी १२०च्या आत, हे साधारण लक्ष्य. आधी दोन आठवडे आहार आणि चालणं. आकडे बसले नाहीत तर औषध किंवा इन्सुलिन.

खरा घोटाळा पुढे होतो. आकड्याच्या भीतीनं पोरी उपाशी राहायला लागतात. उपाशी राहिलं की शरीर चरबी जाळतं, कीटोन वाढतात आणि बाळाचं पोषणही आबाळतं. काय वगळायचं ते सगळे सांगतात. पोट कशानं भरायचं, ते कुणीतरी सांगायला हवं. माझं उत्तर एकच आहे : उसळ.

१९८१ साली टोरांटोत डेव्हिड जेंकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोणत्या पदार्थानं साखर किती चढते याची तुलना मांडली. पाव आणि बटाटा वरच्या टोकाला, कडधान्यं पार खालच्या. कडधान्यातला स्टार्च पेशींच्या जाड भिंतींत कोंडलेला असतो, तो हळूहळू सुटतो. जोडीला तंतू आणि प्रथिनं. मला सगळ्यात जास्त भावलेली गोष्ट त्यांनीच पुढे दाखवली. सकाळी मसूर खाल्ली तर दुपारच्या जेवणानंतरचीही साखर कमी चढते. एका जेवणाचा उपकार पुढच्या जेवणापर्यंत पोचतो!

गरोदरपणातल्या मधुमेहात सकाळची वेळ सर्वांत हट्टी असते, पिष्टमय पदार्थ तेव्हा जास्त नडतात. म्हणून नुसत्या पोह्यांनी किंवा चहा-बिस्किटांनी दिवस सुरू करणं मला पटत नाही. भाचीची सकाळ वाटीभर मटकीच्या उसळीनं, एका उकडलेल्या अंड्यानं आणि छोट्या भाकरीनं सुरू झाली. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "मावशी, अकरा वाजले तरी भूक आठवली नाही."

मटकी हे या कामातलं माझं सर्वांत लाडकं कडधान्य. रात्री भिजवावी, सकाळी उपसून फडक्यात घट्ट बांधावी, संध्याकाळपर्यंत मोड डोकावतात. थंडीत गाठोडं पिठाच्या डब्याशेजारी उबेला ठेवावं. मोड आले की पोटात वायू धरणाऱ्या शर्करा कमी होतात, लोह अडवून धरणारं फायटिक आम्लही घटतं. गरोदर बाईला दोन्ही गोष्टी हव्याच असतात. फक्त मोड कच्चे खाऊ नयेत. ज्या दमट उबेत मोड येतात तिच्यात जंतूही वाढतात, म्हणून उसळ नीट वाफवलेलीच हवी. फोडणीत हिंग-जिरं, वर ओलं खोबरं आणि आमसूल. गुळाचा खडा तेवढा वगळावा. आमसुलाची चव त्याच्यावाचून अडत नाही.

वालाचं बिरडं चवीला राजा, हे मी मान्य करते. पण सोलताना सालाबरोबर तंतूही जातात. साखरेच्या हिशेबात सालीसकट शिजणाऱ्या मटकी, मसूर, चवळी आणि हरभऱ्याचा मान वरचा.

हुलग्याबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढे जाववणार नाही. कोकणात कुळीथ, देशावर हुलगा. माळरानावर, तुटपुंज्या पावसात येणारं हे पीक. १०० ग्रॅमला सुमारे २२ ग्रॅम प्रथिनं. जुन्नरकडच्या एका वस्तीवर एका आजींनी मला शेंगोळे करायला शिकवलं. हुलग्याच्या पिठात लसूण, मिरची, जिरं आणि मीठ घालून घट्ट मळायचं, तळहातावर बोटाएवढ्या वळ्या वळायच्या आणि फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडायच्या. पाणी आपोआप दाटतं. वाडगाभर शेंगोळे खाल्ले की दुसरं काही मागावंसं वाटत नाही. घरातल्या मोठ्यांना गरोदरपणात हुलगा उष्ण वाटत असेल, तर वाद घालू नये. मटकी-मसूर आहेच.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं काम मराठी घरांनी जाणून घ्यायला हवं. पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गर्भवतींचा अभ्यास त्यांच्या गटानं १९९३ साली सुरू केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साडेतीन किलोच्या आसपास. वजनानं लहान असूनही आपल्या बाळांच्या अंगात चरबी त्या मानानं टिकून असते. त्याच अभ्यासात असंही दिसलं, की ज्या आया पालेभाज्या, फळं आणि दूध वरचेवर घेत होत्या त्यांची बाळं अंगानं मोठी होती. म्हणूनच 'फळं बंद' हा सरसकट हुकूम मला मान्य नाही. एक पेरू किंवा अर्धं सफरचंद मधल्या वेळी, चार शेंगदाण्यांबरोबर खावं.

ताटाचा क्रमही बदलावा. आपण वरणभातानं सुरुवात करतो. त्याऐवजी आधी कोशिंबीर, उसळ आणि पालेभाजी खावी. भाकरी किंवा मूदभर भात शेवटी. तेच जेवण या क्रमानं घेतलं तर साखर कमी चढते. भाकरी ज्वारीची, बाजरीची, नाचणीची, कुठलीही चालेल. नाचणीत कॅल्शियम भरपूर असतं. पण सत्त्वाची पातळ खीर आणि नाचणीची भाकरी एक नव्हेत, खिरीनं साखर भराभर चढते. साबुदाण्याचे उपास या तीन महिन्यांत सोडावेत. दिवाळीची चकली चाखावी, पण एक, आणि ताकाच्या पेल्याबरोबर. प्रत्येकीचं शरीर वेगळं असतं, तेव्हा शेवटचा शब्द ग्लुकोमीटरचा आणि डॉक्टरांचा.

भाचीला शेवटच्या महिन्यात रात्रीचं थोडं इन्सुलिन लागलंच. उपाशीपोटीची साखर कधी कधी कुठल्याच जेवणाला दाद देत नाही. त्यात आईचा दोष नसतो. पण त्या पहिल्या फोननंतर ती एकाही रात्री उपाशी झोपली नाही.

बाळंतपणानंतर साखर बहुधा खाली येते, डिंकाचे लाडू सुरू होतात आणि आईची तपासणी मागे पडते. या बायकांना पुढे मधुमेह होण्याचा धोका बराच जास्त असतो, म्हणून ६ आठवड्यांनी पुन्हा ७५ ग्रॅमची चाचणी करायची असते. बाळाची दीड महिन्याची लस नेमकी तेव्हाच असते. बाळाला लसीला न्याल, त्याच दिवशी आईचीही साखर तपासून घ्या. आणि घरातलं मटकीचं फडकं वाळत टाकू नका.