आयोडीन मागणारे दोन अवयव

१८९६ साली ग्लासगोमधल्या जॉर्ज बीटसन या सर्जनचा एक लेख 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. स्तनाच्या कर्करोगाचा इतिहास कुणीही सांगू लागलं की हा लेख निघतोच. कर्करोग इतका पसरलेला की शस्त्रक्रियेने काढणं अशक्य, अशा एका ३३ वर्षांच्या स्त्रीची अंडाशयं बीटसनने काढली आणि आठ महिन्यांत तिच्या छातीवरचा रोग दिसेनासा झाला. इस्ट्रोजेनचा शोध तेव्हा लागायचा होता. गाय व्याल्यावर तिची अंडाशयं काढली तर ती दूध देतच राहते, असा काही भागांतल्या शेतकऱ्यांचा अनुभव होता. तोच धागा धरून बीटसन इथवर पोचला होता.

त्याच लेखातली दुसरी गोष्ट मात्र सहसा कुणी सांगत नाही. अंडाशयं काढण्याच्या जोडीला बीटसनने थायरॉइडच्या गोळ्याही दिल्या होत्या.

थायरॉइडचा अर्क हे त्या काळातलं नवंकोरं आश्चर्य होतं. पाचच वर्षांपूर्वी, १८९१ मध्ये, इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या जॉर्ज मरेने थायरॉइड निकामी झालेल्या ४६ वर्षांच्या एका बाईला मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचला. ती त्यानंतर २८ वर्षं जगली, आणि तेवढ्या वर्षांत तिच्या औषधासाठी ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या. अशा दिवसांत बीटसनला तो अर्क वापरून पाहावासा वाटला, हे समजण्यासारखं आहे. पण गळ्यातल्या ग्रंथीचा छातीतल्या रोगाशी काही संबंध असेल का, हा प्रश्न तिथेच संपला नाही. सव्वाशे वर्षं तो वैद्यकाच्या मागे लागलेला आहे.

आपल्याकडे तो घराघरांत आहे. सकाळी उपाशीपोटी ती बारीकशी गोळी घेणारी आई, मावशी किंवा वहिनी बहुतेक घरांत सापडते. मुंबई आणि गोव्यासह भारतातल्या आठ ठिकाणी ५,३७६ प्रौढांची तपासणी झाली होती. २०१३ मध्ये तिचे निष्कर्ष आले, आणि जवळपास ११ टक्के लोकांचं थायरॉइड मंदावलेलं निघालं. बायकांमध्ये हे प्रमाण आणखी जास्त. आणि भारतीय स्त्रियांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग स्तनाचाच. आता नुसता हिशेब करून पाहा. या दोन आजारांचा एकमेकांशी काडीचा संबंध नसता, तरीही स्तनाचा कर्करोग झालेल्या दहा जणींमागे एकीला तरी थायरॉइडचा त्रास असताच. म्हणून 'आमच्या ओळखीत दोघींना दोन्ही झालं' एवढ्यावरून काहीच ठरत नाही.

संबंध आहे, पण तो ओळखीपाळखीत दिसत नाही. तो पेशींमध्ये उतरल्यावर दिसतो, आणि तिथे जे दिसतं त्याच्याइतकं सुंदर मी जीवशास्त्रात फार थोडं वाचलं आहे.

सुरुवात आयोडीनपासून करू. माणसाच्या अख्ख्या शरीरात आयोडीन असतं जेमतेम १५ ते २० मिलिग्रॅम, आणि त्यातलं ७० ते ८० टक्के एकट्या थायरॉइडमध्ये. रक्तात ते अतिशय विरळ असतं. थायरॉइडच्या पेशी मात्र रक्तातल्यापेक्षा वीस ते चाळीस पट आयोडीन आत साठवून ठेवतात. विरळ जागेतून दाट जागेत ते जातं कसं? हे काम करणारं प्रथिन शोधायला १९९६ साल उजाडलं. न्यूयॉर्कमध्ये मेक्सिकन वंशाच्या नॅन्सी कारास्को यांच्या प्रयोगशाळेने त्यासाठी बेडकाची अंडी घेतली. या अंड्यांना आयोडीनशी एरवी काही देणंघेणं नसतं. उंदराच्या थायरॉइड पेशींमधल्या जनुकांचे संदेश त्यांनी गटागटाने या अंड्यांत टोचले आणि कोणत्या गटामुळे अंडं आयोडीन ओढू लागतं ते पाहिलं. गट लहान लहान करत अखेर एकच जनुक हाती उरलं. त्याने बनवलेल्या प्रथिनाची युक्ती अशी: पेशीबाहेर सोडियमची कायम दाटी असते आणि त्याला आत शिरायचं असतं. खच्चून भरलेल्या लोकलमध्ये चढताना दोघं जण तिसऱ्याचा हात धरून त्यालाही आत ओढून घेतात, तसे सोडियमचे दोन कण आयोडीनच्या एका कणाला सोबत घेऊन पेशीत शिरतात.

आपली गोष्ट इथे वळते. हा आयोडीनचा पंप थायरॉइडखेरीज आणखी कुठे सापडावा, तर दूध देणाऱ्या स्तनात.

विचार केला की ते किती चोख आहे हे लक्षात येतं. बाळाच्या मेंदूची घडण थायरॉइडच्या हार्मोनवर चालते. ते हार्मोन बनवायला आयोडीन लागतं. अंगावर पिणाऱ्या बाळाला ते मिळण्याची वाट एकच, आईचं दूध. म्हणून गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर स्तनाच्या पेशी थायरॉइडचंच जनुक कामाला लावतात. आईच्या रक्तातलं आयोडीन खेचून दुधात उतरवतात, आणि मूल अंगावरून सुटलं की पंप बंद करतात. जागतिक आरोग्य संघटना एरवी प्रौढांना रोज १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरेसं मानते, अंगावर पाजणाऱ्या आईला २५० सांगते. वरचा हिस्सा बाळाचा.

कारास्को यांच्याच गटाने २००० साली पुढची बातमी दिली. दूध न देणाऱ्या निरोगी स्तनात हा पंप सापडत नाही, पण स्तनाच्या कर्करोगाचे जे नमुने त्यांनी तपासले, त्यांतल्या ८० टक्क्यांहून अधिक नमुन्यांत तो पुन्हा हजर होता. मूल नाही, दूध नाही, तरी पेशींनी जुनी यंत्रणा परत उघडली होती.

आयोडीनचा मुद्दा निघाला की जपानचं उदाहरण येतं. तिथल्या आहारात समुद्री शेवाळ भरपूर, आणि तिथल्या बायकांमध्ये स्तनाचा कर्करोग परंपरेने कमी. अमेरिकेत जाऊन राहिलेल्या जपानी कुटुंबांच्या पुढच्या पिढ्यांत तो वाढला. पण देश बदलला की आहार, वजन, मुलं किती आणि कोणत्या वयात, सगळंच बदलतं. एकट्या आयोडीनला त्याचं श्रेय देता येत नाही. शिवाय जास्तीचं आयोडीन थायरॉइडलाच बिघडवतं. आपल्या मिठातून मिळतं तेवढं पुरेसं असताना, कर्करोग टाळायला म्हणून कुणी आयोडीनचे थेंब किंवा शेवाळाच्या गोळ्या खपवत असेल, तर त्या घेऊ नयेत, हे मला अगदी स्पष्ट सांगायचं आहे.

आता दुसरा धागा, आणि हा माझ्या मते पहिल्याहून थरारक आहे. तो कोंबड्यांपासून सुरू होतो.

कोंबड्यांना रक्ताचा कर्करोग करणारा एक विषाणू आहे. त्याच्याजवळ कर्करोगाला कारण होणारी दोन जनुकं सापडली, त्यांना नावं पडली एर्ब-ए आणि एर्ब-बी. विषाणूंनी अशी जनुकं कधीकाळी प्राण्यांच्या पेशींतूनच उचललेली असतात. मग मूळ जनुकं कोणती? १९८४ मध्ये एर्ब-बीचं मूळ कळलं. पेशीला 'वाढ' असा निरोप देणाऱ्या एका ग्राहकाचं, म्हणजे बाहेरून आलेला निरोप पकडणाऱ्या प्रथिनाचं (रिसेप्टरचं), ते मोडकं रूप होतं. एर्ब-ए मात्र कोडंच राहिलं.

१९८६ च्या वसंतात फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गमध्ये पिएर शांबों यांच्या गटाने इस्ट्रोजेनच्या ग्राहकाचं जनुक पूर्ण वाचलं. त्यासाठी वापरलेल्या पेशी अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या, स्तनाचा कर्करोग पसरलेल्या एका जोगिणीच्या छातीत साठलेल्या पाण्यातून १९७० मध्ये मिळालेल्या. एमसीएफ-सेव्हन या नावाने त्या आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढताहेत. तर इस्ट्रोजेनच्या ग्राहकाची अक्षरं जुळवून पाहताना ती कोंबडीच्या विषाणूतल्या एर्ब-एशी मिळतीजुळती निघाली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात दोन गटांनी, एक ब्योर्न वेनस्ट्रॉम यांचा आणि दुसरा कॅलिफोर्नियातल्या रोनाल्ड इव्हान्स यांचा, एकाच वेळी सिद्ध केलं की एर्ब-एचं मूळ रूप म्हणजे थायरॉइड हार्मोनचा ग्राहक.

म्हणजे पेशीमध्ये जो इस्ट्रोजेनचा निरोप घेतो आणि जो थायरॉइडचा निरोप घेतो, ते एकाच कुळातले भाऊबंद. एकाच प्राचीन जनुकाच्या प्रती होत होत, बदलत बदलत ते वेगळे झाले. माणसात या कुळाचे ४८ सदस्य आहेत.

स्तनाचा कर्करोग झालेल्या कुणाचाही पॅथॉलॉजी रिपोर्ट उघडा. त्यात तीन गोष्टी असतातच: ईआर (इस्ट्रोजेनचा ग्राहक), पीआर (प्रोजेस्टेरॉनचा ग्राहक) आणि हर-टू. पहिल्या ओळीतला इस्ट्रोजेन ग्राहक एर्ब-एच्या कुळातला. तिसऱ्या ओळीतलं हर-टू हे एर्ब-बीच्या घरातलं, त्याचं दुसरं नावच एर्ब-बी-टू. ज्यांच्या गाठीत ते जास्त असतं त्यांना ट्रॅस्टुझुमॅब हे औषध देतात. एका आजारी कोंबडीतल्या एका विषाणूने थायरॉइडच्या आणि स्तनाच्या कर्करोगाच्या किल्ल्या एकाच खिशात ठेवल्या होत्या, हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसती बसून राहिले.

भाऊबंद असले की कुजबुज होतेच. प्रयोगशाळेतल्या एमसीएफ-सेव्हन पेशींवर थायरॉइडचं हार्मोन घातलं तर त्या वाढू लागतात, जणू थोडं इस्ट्रोजेनच मिळालं. २००५ मध्ये पॉल डेव्हिस यांच्या गटाने पेशीच्या पृष्ठभागावरही थायरॉइड हार्मोनची एक जागा दाखवली, आणि ती जागा कर्करोगाच्या पेशींवर आणि नव्याने फुटणाऱ्या रक्तवाहिन्यांवर भरपूर असते.

हे सगळं पेशींमध्ये खरं आहे. पण जिवंत बाईच्या आयुष्यात त्याने किती फरक पडतो, हा प्रश्न वेगळा आणि त्याचं उत्तर वेगळं.

१९७६ मध्ये 'जामा' या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकातल्या एका लेखाने खळबळ उडवली. ५,५०५ बायकांपैकी थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांमध्ये स्तनाचा कर्करोग सुमारे १२ टक्के, न घेणाऱ्यांमध्ये ६ टक्के. दुप्पट! पुढच्या अभ्यासांत त्याला दुजोरा मिळाला नाही. २००५ मध्ये ह्यूस्टनच्या एमडी अँडरसनमधून नेमकं उलटं चित्र आलं. स्तनाचा कर्करोग झालेल्यांमध्ये मंद थायरॉइड सुमारे ७ टक्के जणींना होतं, निरोगी बायकांमध्ये जवळपास १५ टक्के. जणू मंद थायरॉइड संरक्षणच देतं.

मग डेन्मार्कने आपल्या नोंदवह्या उघडल्या. तिथे प्रत्येक नागरिकाच्या रुग्णालयातल्या भेटी आणि कर्करोग दोन्ही नोंदलेले असतात. १९७८ ते २०१३ या काळातल्या, थायरॉइड जास्त चालणाऱ्या ८०,३४३ आणि मंद चालणाऱ्या ६१,८७३ स्त्रिया तिथल्या संशोधकांनी घेतल्या. एरवी जिथे स्तनाचे १०० कर्करोग अपेक्षित होते, तिथे थायरॉइड जास्त चालणाऱ्यांमध्ये १११ निघाले आणि मंद चालणाऱ्यांमध्ये ९४. दिशा पेशींनी सुचवलेलीच: हार्मोन जास्त तर धोका किंचित जास्त, कमी तर किंचित कमी. पण आकार बघा. दुपटीच्या आणि निमपटीच्या गोष्टी मोठ्या गर्दीत उतरल्यावर एवढ्याशा झाल्या. त्यातही थायरॉइडसाठी डॉक्टरकडे जाणाऱ्या बाईची तपासणी जास्त होते, त्यामुळे तिची गाठ लवकर सापडते, हा भाग आलाच.

मंद थायरॉइडची गोळी घेणाऱ्या स्त्रीने यातून घाबरण्यासारखं काही घेऊ नये. ती गोळी शरीरात कमी पडलेलं हार्मोन भरून काढते, डोस गरजेपेक्षा जास्त झाला तरच ते जास्त होतं. गोळी भीतीपोटी बंद केली तर हृदयापासून मेंदूपर्यंत सगळ्याचे हाल होतात, आणि ते नुकसान अंदाजाचं नसतं. छातीत गाठ लागली तर ती दाखवायची, थायरॉइड असो वा नसो.

बाण उलट्या दिशेनेही जातो, आणि दवाखान्यात त्याचा उपयोग जास्त. स्तनाच्या कर्करोगावर टॅमॉक्सिफेन हे औषध सुरू झालं की रक्तात थायरॉइड हार्मोनला धरून ठेवणारं प्रथिन वाढतं. आधीपासून थायरॉइडची गोळी घेणाऱ्या काही जणींचा डोस त्यामुळे वाढवावा लागतो. गळपट्टीच्या हाडावरच्या भागाला किरणोपचार दिले तर काही वर्षांनी थायरॉइड मंदावू शकतं. कर्करोगातून उठलेली बाई 'थकवा जातच नाही' म्हणते, तेव्हा तिचं टीएसएच, म्हणजे थायरॉइडचं काम दाखवणारं रक्तातलं हार्मोन, तपासून पाहावं. शिकागोमधल्या संशोधकांनी २०१६ मध्ये अनेक अभ्यास एकत्र केले. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्यांना पुढे थायरॉइडचा कर्करोग होण्याची शक्यता इतरांच्या सुमारे दीडपट निघाली. उलट दिशेने ती सुमारे १८ टक्क्यांनी जास्त होती. थायरॉइडचा कर्करोग मुळात कमी होतो, म्हणून दीडपट म्हणजेही थोडीच.

आणि तो पंप? किरणोत्सारी आयोडीन देण्याआधी डॉक्टर बाईला 'अंगावर पाजता का' असं विचारतात ते त्याच्यामुळेच. पाजत असेल तर दूध पूर्ण थांबवून काही आठवडे जाऊ द्यावे लागतात, नाहीतर औषध गळ्यात जायचं ते स्तनातही साठतं. मग तेच आयोडीन स्तनाच्या कर्करोगावर का वापरू नये, हे २००० सालापासून अनेकांच्या मनात आहे. अडचण अशी की बऱ्याच गाठींमध्ये पंप तयार होतो पण पेशीच्या पृष्ठभागावर पोचत नाही, आतच पडून राहतो, आणि औषध पुरेसं आत जात नाही. अ जीवनसत्त्वापासून बनणाऱ्या रेटिनोइक आम्लाने एमसीएफ-सेव्हन पेशींमध्ये हा पंप वाढवता येतो, हे प्रयोगशाळेत दिसलं आहे. रेटिनोइक आम्लाचा निरोप पेशीत जो ग्राहक घेतो, तोही त्याच ४८ जणांच्या कुळातला.