जुन्या मोटारीचें इंजिन कां तापतें?

वारणानगराहून कोडोलीवरून पन्हाळ्यास जातांना शेवटीं मोठी चढण लागते. गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत काकांनीं नुकत्याच विकत घेतलेल्या जुन्या मोटारींतून आम्ही घरची मंडळी त्या वाटेनें निघालों. सपाटीवर गाडी सुरळीत चालली. चढण लागतांच मात्र उष्णता दाखविणारा कांटा तांबड्या खुणेस भिडला व बॉनेटखालून वाफ येऊं लागली. आमचा धाकटा भाऊ रेडिएटरचें टोपण उघडावयास धांवला, तोंच काकांनीं त्याचा हात धरून त्यास मागें ओढलें. त्यांनीं असें कां केलें, हें पुढील विवेचनावरून वाचकांस कळून येईल.

इंजिनांत पेट्रोल जळून जी उष्णता उत्पन्न होते, तिचा सुमारें चौथा ते तिसरा हिस्साच गाडी ओढण्याच्या कामीं येतो. बाकीची धुरावाटे व पाण्यावाटे बाहेर टाकावी लागते. पंप हें पाणी इंजिनांत खेळवितो. तें पुरेसें तापलें म्हणजे थर्मोस्टॅट नांवाची झडप उघडते व पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून जातां जातां वाऱ्यानें निवतें. समुद्रसपाटीस पाणी १०० अंश सेंटिग्रेडवर उकळतें. पन्हाळा सुमारें ३,००० फूट उंच असल्यामुळें तेथें तें सुमारें ९७ अंशांवरच उकळतें. परंतु रेडिएटरच्या घट्ट टोपणामुळें आंतील दाब वाढतो आणि पाणी जवळजवळ १२० अंशांपर्यंत उकळत नाहीं. तें टोपण तापलेल्या स्थितींत उघडल्यास दाब एकदम उतरतो, पाणी तत्क्षणीं उसळतें व हात-तोंड भाजतें. यास्तव इंजिन बंद करून तें पुरतें निवेपर्यंत थांबावें. तापलेल्या इंजिनावर थंड पाणीही ओतूं नये. धातूस तडा जाण्याचा संभव असतो.

आतां निदानाकडे वळूं. पहिला प्रश्न हा कीं, मोटार तापते केव्हां? गळिताच्या हंगामांत उसाच्या ट्रॅक्टरांमागें गाडी रांगत असतां तापत असेल, पण वेगांत निवत असेल, तर पंख्याचा दोष समजावा; त्याचा फ्यूज, मोटार व स्विच तपासावा. उलट, मंद गतींत ठीक राहून चढणीवर तापत असेल, तर रेडिएटरच्या नळ्या क्षारांनीं आंतून किंवा त्याच्या जाळ्या धूळ-पाचटानें बाहेरून बुजल्या असाव्यात. पंपाचा पट्टा सैल झाला असल्यासही असेंच घडतें. इंजिन तापूनही रेडिएटरची खालची नळी थंडच राहत असेल, तर थर्मोस्टॅट बहुधा मिटलेलाच अडकला आहे. पाणी वारंवार कमी होत असेल, तर प्रथम गळती शोधावी. बाहेर गळती नसून पाणी घटतें, धूर पांढरा येतो व तेल दुधासारखें दिसतें, अशीं लक्षणें असलीं तरच हेड गॅस्केटची शंका घ्यावी. कारण त्याची दुरुस्ती सर्वांत खर्चाची आहे.

आमच्या गाडीचा वृत्तान्त ऐकतांच एका मिस्त्रींनीं गॅस्केटचेंच नांव घेतलें व इंजिन उघडावयास सांगितलें. सांगितलेला खर्च ऐकून काकूंचा चेहरा उतरला. मोटारींत शिल्लक टाकून झाली होती. काकांनीं मात्र वरील क्रमानें तपास करविला. तेल स्वच्छ होतें. वाफेनें गेलेलें पाणी भरल्यावर पुन्हा घटेना. पंखा वेळच्या वेळीं फिरे. पट्टाही ताठ होता. रेडिएटर काढून पाहतां नळ्यांत पांढरी खपली दाट बसलेली आढळली. पूर्वीच्या मालकानें वर्षानुवर्षें विहिरीचें जड पाणी घातलें होतें. रेडिएटर साफ करून त्यांत ऊर्ध्वपातित पाणी व कूलंट भरलें, एवढ्यानें काम भागलें. इंजिनास हात लावावा लागला नाहीं. दिवाळींत आम्ही त्याच चढणीनें पन्हाळ्यास गेलों, तेव्हां कांटा मध्यावरून हलला नाहीं.

वैद्य औषध देण्यापूर्वीं रोग्यास चार प्रश्न विचारतो. यंत्रासही ते विचारावे. पैशाची पिशवी त्यानंतर सोडावी.