जीपीएस, नकाशा आणि रस्ता : सहलीला निघण्याआधी



सुट्टी जवळ आली की आमच्या पुणतांब्यात शाळेच्या व्हरांड्यात एकच विषय असतो, यंदा कुठे? परवा एक पालक मुलाला न्यायला आले होते. म्हणाले, "सर, यावेळी आम्ही दोन कुटुंबं मिळून कॅराव्हॅन भाड्याने घेतोय. झोपायची, स्वयंपाकाची सोय गाडीतच. राहाता, लोणी, संगमनेर, अकोले करत भंडारदऱ्याला जायचं. रस्त्याचं काय टेन्शन नाही, मोबाइल आहेच की." मी मान हलवली, पण ते शेवटचं वाक्य डोक्यातून जाईना. कारण याच अकोले तालुक्यात, आपल्याच जिल्ह्यात, जानेवारी २०२१ मध्ये काय झालं ते मला आठवत होतं.

पुण्याहून कळसूबाईच्या ट्रेकसाठी निघालेली एक गाडी मध्यरात्रीनंतर कोतूळजवळ पोहोचली. मोबाइलवरचा नकाशा कोतूळहून अकोल्याकडे जाणारा जवळचा रस्ता दाखवत होता. त्या रस्त्यावर मुळा नदीवरचा पूल आहे. खाली पिंपळगाव खांडचं धरण आहे, आणि धरणात पाणी साठलं की तो पूल काही महिने पाण्याखाली असतो. गावातल्या शाळकरी पोरालाही हे माहीत आहे. नकाशाला माहीत नव्हतं. अंधारात समोरचं पाणी दिसेपर्यंत गाडी आत गेली. दोघे पोहून बाहेर आले. गाडी चालवणाऱ्याला पोहता येत नव्हतं, तो बुडाला.

या घटनेवर तेव्हा "गुगलने फसवलं" असं खूप बोललं गेलं. मला हा शब्द पटत नाही. फसवायला आधी ठाऊक असावं लागतं. नेव्हिगेटरला नेमकं काय ठाऊक असतं आणि काय नसतं, हे आपण कधी मुलांना शिकवतो का? सहावीच्या भूगोलात अक्षांश-रेखांश शिकवतो, प्रश्नोत्तरं लिहून घेतो, आणि खिशातला मोबाइल त्याच अक्षांश-रेखांशांवर चालतो हे सांगायचं राहून जातं. म्हणून हा लेख.

पहिली गोष्ट अशी की जीपीएस आणि नकाशा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जीपीएस फक्त एवढंच सांगतं, तुम्ही इथे आहात. कुठून जायचं हे ते सांगत नाही.

जीपीएस ही अमेरिकेची उपग्रह व्यवस्था. तिचा पहिला उपग्रह १९७८ मध्ये गेला. आज तीसेक उपग्रह साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवरून दिवसातून दोनदा पृथ्वीभोवती फिरतात. प्रत्येकात अणुघड्याळ असतं. उपग्रह सतत एकच गोष्ट ओरडत असतो : "मी अमुक जागी आहे आणि आत्ता इतके वाजलेत." आपला मोबाइल हे ऐकतो. संदेश निघाला कधी आणि पोहोचला कधी यातला फरक काढतो, त्याला प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटरने गुणतो, आणि त्या उपग्रहापासूनचं अंतर मिळतं. उपग्रह अगदी डोक्यावर असेल तर संदेशाला सेकंदाचा साधारण पंधरावा भाग लागतो. एका उपग्रहापासूनचं अंतर कळलं तर तुम्ही एका प्रचंड गोलावर कुठेतरी आहात एवढंच कळतं. तीन गोल एकमेकांना छेदले की जागा सापडते, आणि चौथा उपग्रह लागतो तो मोबाइलच्या स्वस्त घड्याळाची चूक दुरुस्त करायला.

घड्याळाची चूक किती महाग पडते पाहा. एक मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग चुकला, तर अंतर ३०० मीटरने चुकतं. आइन्स्टाइनच्या सापेक्षतेच्या सिद्धांतानुसार वरची घड्याळं जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे पळतात. हा हिशेब धरला नसता तर एका दिवसात दहा-अकरा किलोमीटरचा घोळ झाला असता. पुणतांब्यात उभं राहून मोबाइलने राहात्याच्या आसपास दाखवलं असतं! नववी-दहावीच्या विज्ञानाच्या तासाला हे उदाहरण जरूर सांगा. पोरं वही बंद करून ऐकतात.

दोन गैरसमज मात्र घरोघरी आहेत. एक, उपग्रह आपल्याला "बघतो". नाही. तो फक्त बोलतो, आपला मोबाइल ऐकतो. आपण कुठे आहोत हे उपग्रहाला पत्ताही नसतो. दुसरा, जीपीएसला इंटरनेट लागतं. तेही नाही. रेंज गेली तरी आकाश मोकळं असेल तर निळा ठिपका बरोबर जागी दिसतो. जातो तो खालचा नकाशा, कारण तो इंटरनेटवरून येत असतो. मग कोऱ्या पडद्यावर ठिपका तेवढा सरकत राहतो. आपल्याकडे चांगदेव महाराजांच्या कोऱ्या पत्राची गोष्ट लहानपणापासून ऐकलेली असते. पण त्या कोऱ्या पत्राला उत्तर द्यायला ज्ञानेश्वर होते, कोऱ्या पडद्याला कुणी नसतं. तेव्हा घरच्या वायफायवर जिल्ह्याचा नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवावा. राजूरच्या पुढे डोंगरात त्याची खरी किंमत कळते.

आपल्या इस्रोची नाविक ही व्यवस्थाही आहे. तिचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी गेला, आणि २०१६ मध्ये पंतप्रधानांनी तिला 'नाविक' हे नाव दिलं. आज अनेक मोबाइल जीपीएसबरोबर रशिया, युरोप, चीन आणि भारत यांचेही उपग्रह ऐकतात. मोकळ्या आकाशाखाली साध्या मोबाइलची चूक पाच मीटरच्या आसपास असते. घाटात, उंच इमारतींत, दाट झाडीत ती वाढते. समोर पुलावरचा रस्ता आणि त्याच्या खालून जाणारा सर्व्हिस रोड असेल तर आपण वर आहोत की खाली हे मोबाइल अनेकदा चुकतो. मग बाई सांगते "डावीकडे वळा" आणि डावीकडे नुसता कठडा!

आता मुख्य गोष्ट, रस्ता कसा निवडला जातो.

संगणकाला रस्ता म्हणजे ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा. प्रत्येक रेषेवर एक आकडा, इतकी मिनिटं. आकड्यांची बेरीज सर्वांत कमी येईल तो मार्ग. याची मूळ रीत एड्सगर डायक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाने १९५६ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या एका कॅफेत बसल्या बसल्या, कागद-पेन्सिल न घेता, वीसेक मिनिटांत शोधली आणि १९५९ मध्ये छापली. वर्गात फळ्यावर पुणतांबा, राहाता, शिर्डी, कोपरगाव, श्रीरामपूर असे ठिपके काढा, मुलांकडूनच मिनिटं घ्या, आणि सर्वांत जवळचा मार्ग काढायला सांगा. पाचवीतली मुलंही करतात. मग एक रेष पुसा आणि म्हणा, "इथला पूल पाण्याखाली गेला. आता?" लगेच दुसरा रस्ता निघतो. पण ती रेष पुसायची हे कुणीतरी सांगावं लागलं, नाही का? कोतूळला ती रेष कुणी पुसलेली नव्हती.

गर्दी दाखवणारा लाल रंग येतो तो रस्त्यावरच्या मोबाइलांच्या वेगावरून. फेब्रुवारी २०२० मध्ये बर्लिनच्या सायमन वेकर्ट या कलाकाराने एका हातगाडीत ९९ मोबाइल टाकून ती रिकाम्या रस्त्यावरून ओढत नेली आणि नकाशावर तिथे वाहतूक कोंडी दिसू लागल्याचं दाखवलं. याच्या उलट बाजू जास्त धोक्याची. ज्या रस्त्याने कुणी जातच नाही तिथे कोंडी कशी दिसणार? मोकळा रस्ता आणि सोडून दिलेला रस्ता, पडद्यावर दोन्ही सारखेच निवांत दिसू शकतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरच्या तुटलेल्या पुलावरून गाडी खाली कोसळून तिघे गेले, तेव्हाही नकाशाचीच चर्चा झाली होती.

आपल्या भागापुरतं बोलायचं तर पाटाचा रस्ता ही मोठी भानगड आहे. कालव्याच्या, चारीच्या कडेने पाटबंधाऱ्यांचे जे कच्चे रस्ते जातात ते वरून घेतलेल्या चित्रात सरळसोट, छान दिसतात. शिवरस्ते, पाणंद रस्ते तसेच. उन्हाळ्यात त्यावरून गाडी जातेही. जुलैमध्ये आमच्या काळ्या रानात काय होतं ते सांगायला नको. माझ्यावर स्वतःवर ही वेळ आली आहे. नातेवाइकांना घेऊन श्रीरामपूरकडून येताना "आठ मिनिटं वाचतील" या मोहाला बळी पडलो आणि एका वस्तीपाशी चाकं अशी रुतली की ट्रॅक्टर बोलवावा लागला. वाचलेली आठ मिनिटं अडीच तासांना पडली. ट्रॅक्टरवाल्या दादांनी एवढंच विचारलं, "सर, आम्हाला विचारायचं तरी?"

गोदावरीचंही तसंच. नांदूर मध्यमेश्वरमधून विसर्ग वाढला की गोदाकाठच्या गावांना सतर्कतेचा इशारा येतो. तो गावाच्या व्हॉट्सॲपवर येतो, दवंडीवर येतो. नेव्हिगेटरच्या बाईला कुणी कळवत नाही. गाळपाच्या दिवसांत रात्री उसाच्या ट्रॉल्या मागचा दिवा नसताना रस्त्याने चाललेल्या असतात, तेही तिला दिसत नाही.

नावांचा घोळ वेगळाच. बेलापूर टाइप केलंत की श्रीरामपूर तालुक्यातलं येईल की नवी मुंबईतलं? त्यात श्रीरामपूरच्या रेल्वे स्टेशनचं नावही बेलापूरच. आपलं अकोले आणि विदर्भातलं अकोला यांत इंग्रजीत एका अक्षराचा फरक. राहाता आणि राहुरी यांतही गडबड होते. जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, पण जुन्या नकाशांत आणि पाट्यांवर अजून अहमदनगर आहे. म्हणून ठिकाण टाकल्यावर लगेच 'सुरू करा' दाबू नये. बोटांनी नकाशा लहान करून सगळा मार्ग एकदा बघावा. पश्चिमेला जायचं असताना रेष पूर्वेला चालली असेल तर ते दोन सेकंदांत कळतं.

आता कॅराव्हॅनबद्दल. राज्य शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून अशा गाड्या आपल्याकडेही दिसू लागल्या. घरच घेऊन फिरायचं ही कल्पना आपल्याला नवी नाही. मेंढरांचे वाडे आणि ऊसतोडीच्या बैलगाड्या दरवर्षी हेच करतात, आणि त्यांचा रस्ता पिढ्यांनी पारखलेला असतो. मोबाइलवरचा नेव्हिगेटर मात्र तुम्हाला साधी कार समजून रस्ता देतो. गाडीची उंची, रुंदी, वजन त्याला कुणी सांगितलेलं नसतं. आपल्या भागात रेल्वे फाटकं बंद करून जागोजागी भुयारी मार्ग केले आहेत. त्यांच्या तोंडाशी उंची रोखणारी लोखंडी कमान असते. कार खालून जाते, वर एसी आणि पाण्याची टाकी असलेली कॅराव्हॅन अडकते. पावसात त्याच भुयारात पाणी साठतं. तेव्हा गाडी ताब्यात घेतानाच मालकाला उंची विचारा आणि ती कागदावर लिहून स्टेअरिंगसमोर चिकटवा. अरुंद घाटात मागे वळवायला जागा नसते, म्हणून मोठ्या गाडीला जवळच्या रस्त्यापेक्षा एसटी ज्या रस्त्याने जाते तो रस्ता बरा. एसटी जाते म्हणजे आपलीही जाईल, ही माझी साधी कसोटी आहे.

समृद्धी महामार्गाने जाणार असाल तर वेगळी सावधगिरी. नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला आणि ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला होऊन ७०१ किलोमीटरचा पूर्ण रस्ता झाला. तिथे वाटेल तिथे उतरता येत नाही. उतरायची जागा हुकली की पुढच्या इंटरचेंजपर्यंत जावंच लागतं. कितव्या इंटरचेंजला उतरायचं ते निघण्याआधीच लिहून घ्यावं.

गाडीत कुणी काय करायचं हेही ठरवून घ्या. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या दुरुस्तीनुसार १ ऑक्टोबर २०२० पासून चालकाला मोबाइल वापरता येतो तो फक्त रस्ता शोधण्यासाठी, तोही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. मी तर म्हणेन चालकाने हात लावूच नये. शेजारच्या सीटवर सातवी-आठवीतलं मूल असेल तर त्याला 'वाटाड्या' करा. त्याच्या हातात मोबाइल आणि मांडीवर छापील नकाशा. पुढचं गाव कोणतं, नदी कोणत्या हाताला, सूर्य कुठे, हे त्याने सांगायचं. आमच्या वर्गातल्या एका मुलीने असंच वडिलांना सांगितलं होतं, "पप्पा, संगमनेरला जाताना सकाळचं ऊन पाठीवर पाहिजे, ते तोंडावर का येतंय?" गाडी उलटी चालली होती.

आणखी एक उद्योग सहलीआधी शाळेत करता येईल. मोबाइलवर पुणतांब्याचे अंक बघा, साधारण १९.७५ उत्तर आणि ७४.६२ पूर्व. एक अंश अक्षांश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, तेव्हा दशांशानंतरचा चौथा अंक म्हणजे ११ मीटर, आपल्या दोन वर्गखोल्यांएवढं. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची, फरक ७.८८ अंश, दर अंशाला ४ मिनिटं, म्हणजे आपल्याकडे माध्यान्ह घड्याळात साधारण साडेबाराला होते. मैदानात काठी उभी करून सावली मोजा. वर्षभरात पंधराएक मिनिटं मागेपुढे होतं, ते का हा पुढच्या तासाचा विषय. मुलांना हे चार आकडे वाचता आले की गाडी कुठे आडरानात बंद पडली तरी ११२ वर फोन करून "आम्ही अमुक अक्षांश, अमुक रेखांशावर आहोत" असं सांगता येतं. "मोठ्या झाडाजवळ" यापेक्षा हे कितीतरी बरं.

त्या पालकांना मी हे सगळं सांगितलं नाही, व्हरांड्यात तेवढा वेळ नव्हता. तीनच गोष्टी सांगितल्या. अकोल्याच्या पुढे अंधार पडल्यावर नवीन रस्ता धरू नका, उशीर झाला तर संगमनेरला मुक्काम करा. नकाशा अचानक मोठा रस्ता सोडून लहान रस्त्यावर न्यायला लागला तर गाडी थांबवा आणि चहाच्या टपरीवर विचारा. आणि विचारताना "हा रस्ता भंडारदऱ्याला जातो का?" असं विचारू नका, कारण रस्ता जातोच. "आज या रस्त्याने गाड्या चालू आहेत का, पुलावर पाणी आहे का?" असं विचारा. त्यांनी तिसरी गोष्ट मुलाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतली.