धुऱ्याची हद्द आणि मोबाईलवरील नकाशा

जमिनीची हद्द हा शेतकऱ्याच्या जिव्हाळ्याचा विषय होय. धुरा हातभर सरकला तरी दोन पिढ्यांचा शेजार तुटतो आणि पिकाचा पैसा कोर्टकचेरीत जातो. अलीकडे वर्धा जिल्ह्यातील गावोगावी मोबाईलवर नकाशा पाहण्याची सोय झाली आहे. मोबाईल हाती घेऊन धुऱ्यावरून चालत जावे आणि पडद्यावर उमटलेल्या रेषेवरून शेजाऱ्याने जमीन दाबली असे ठरवावे, असा मोह अनेकांना होतो. हे साधन उपयुक्त आहे. परंतु ते कोणत्या कामास योग्य व कोणत्या कामास अयोग्य, हे नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

मोजणीची जुनी परंपरा

नकाशाशास्त्राच्या इतिहासात या जिल्ह्याला स्थान आहे. सन १८०२ मध्ये मद्रासजवळ विल्यम लॅम्बटन यांनी सुमारे १२ किलोमीटर लांबीची एक पायारेषा पोलादी साखळीने काळजीपूर्वक मोजली आणि तिच्या आधारे भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणास आरंभ केला. त्रिकोणाची एक बाजू व कोन ठाऊक असले, म्हणजे उरलेल्या बाजू प्रत्यक्ष न मोजताही गणिताने काढता येतात. अशा रीतीने त्रिकोणाला त्रिकोण जोडीत हे काम उत्तरेकडे सरकत गेले. हैदराबादेहून नागपूरकडे तळ हलविताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट येथे लॅम्बटन यांचे निधन झाले. त्यांची कबर तेथेच आहे. पुढे जॉर्ज एव्हरेस्ट यांनी हे काम हिमालयापर्यंत नेले.

या कामातील मुख्य तत्त्व असे की, अचूकपणे ठाऊक असलेल्या बिंदूवरून अज्ञात बिंदू शोधावयाचा. साधने बदलली, तत्त्व मात्र आजही तेच आहे.

उपग्रहावरून स्थान कसे कळते?

आज ठाऊक असलेले बिंदू आकाशात आहेत. जीपीएस या व्यवस्थेचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरत असतात. भारतानेही नाविक ही आपली व्यवस्था उभारली असून तिचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी सोडण्यात आला. प्रत्येक उपग्रह स्वतःचे स्थान व वेळ सांगणारा संदेश सतत पाठवितो. संदेश पोचण्यास लागलेल्या वेळेवरून मोबाईल त्या उपग्रहाचे अंतर काढतो. किमान चार उपग्रहांची अंतरे मिळाली, म्हणजे स्थान निश्चित होते. हा संदेश सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर वेगाने येतो. म्हणून वेळेत सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तरी अंतरात ३०० मीटरची चूक होते.

वातावरणातून येताना संदेशास किंचित विलंब होतो. दाट झाडाखाली, टिनाच्या छपराखाली किंवा भिंतीलगत तो अडतो, अथवा आपटून फिरून येतो. त्यामुळे साध्या मोबाईलवर उघड्या आकाशाखालीही सुमारे ५ मीटरचा फरक पडू शकतो.

पाच मीटर म्हणजे किती जमीन?

धुऱ्याची लांबी १०० मीटर धरली आणि रेषा ५ मीटर सरकली, तर ५०० चौरस मीटर, म्हणजे ५ आर किंवा जवळजवळ ५ गुंठे जमीन इकडची तिकडे दिसते. दोन एकरांच्या वावरात ८० गुंठे असतात. त्यांतील पाच गुंठे केवळ यंत्राच्या मर्यादेमुळे कमी किंवा अधिक भासतील. शिवाय जुना कागदी नकाशा उपग्रहाच्या छायाचित्रावर बसविताना थोडा सरकलेला असू शकतो. तेव्हा पडद्यावरील रेषा हा अतिक्रमणाचा पुरावा नव्हे.

मोजणीचे यंत्र

भूमि अभिलेख विभागाचे भूकरमापक आता रोव्हर नावाचे यंत्र वापरतात. भारतीय सर्वेक्षण विभागाने राज्यात कायमची संदर्भ केंद्रे उभारली आहेत. केंद्राचे स्थान आधीच अचूक ठाऊक असल्याने उपग्रहांच्या संदेशात किती चूक आहे, हे तेथे कळते. ती दुरुस्ती इंटरनेटद्वारे रोव्हरकडे पोचते आणि चूक काही सेंटिमीटरवर येते.

तथापि एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. यंत्र बिंदू दाखविते, हद्द दाखवीत नाही. हद्द कोठे होती, हे मूळ मोजणीच्या अभिलेखावरून व जागेवरील खुणांवरून ठरते. म्हणूनच रोव्हर आले तरी जुने नकाशे, लगतच्या खातेदारांना दिलेली नोटीस आणि सर्वांची उपस्थिती यांचे महत्त्व कमी झालेले नाही.

पीक पाहणीस मोबाईल पुरेसा

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात शेतकरी स्वतः मोबाईलवर पीक नोंदवू लागले. येथे प्रश्न एवढाच असतो की, कपाशी, तूर किंवा सोयाबीन याच गटात उभे आहे काय. त्यास मोबाईलची अचूकता पुरते. परंतु घरी बसून किंवा दुसऱ्याच्या वावरात उभे राहून फोटो काढल्यास नोंद अडते किंवा चुकीची होते. आणि नुकसानभरपाईच्या वेळी सात-बाऱ्यावरील हीच नोंद पाहिली जाते.

कार्यकर्त्यांनी व शेतकऱ्यांनी काय करावे?

१. पिकाचा फोटो धुऱ्यापासून आत, वावराच्या मध्यभागी, उघड्या आकाशाखाली उभे राहून काढावा.

२. मोबाईलमधील स्थानदर्शक सुरू करून एक-दोन मिनिटे थांबावे. नकाशावरील निळे वर्तुळ लहान झाले, म्हणजे स्थान अधिक नेमके झाले असे समजावे.

३. रेंज नसली तरी उपग्रहाचा संदेश मिळतो. स्थान कळण्यास फक्त वेळ अधिक लागतो.

४. हद्दीबद्दल शंका असल्यास तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमि अभिलेख यांच्याकडे मोजणीचा अर्ज करावा. मोजणीच्या दिवशी स्वतः हजर राहावे, दाखविलेल्या खुणा दगड रोवून कायम कराव्यात व नकाशाची ‘क’ प्रत जपून ठेवावी.

५. मोजणी मान्य नसल्यास निमताना मोजणीचा मार्ग मोकळा आहे. धुरा कोरून काढणे हा मार्ग नव्हे.

मोबाईलवर पीक नोंदवावे. हद्द मात्र अभिलेखावरून व अधिकृत मोजणीनेच ठरवावी. एवढा विवेक गावाने पाळला, तर पीक नोंदीवाचून राहणार नाही आणि निष्कारण उभे राहणारे तंटेही टळतील.